शेंगांचं माहेर

८ ऑगस्ट १९९७, शुक्रवार
पंचमी. सकाळी संकेश्वरहून आप्पांचा फोन.
"दादाला पाठवू काय न्यायला?"
दर पंचमीला विचारतात. दर पंचमीला मी म्हणते, "आप्पा, कसं जमणार?" मागून पोरींचा गलका ऐकू येत होता. वखारीच्या तुळईला झोका बांधला असणार.
संकेश्वरला आज दाण्याचे लाडू. वहिनी डबे भरून करते. आणि माहेरच्या घरात दाणा काय डब्यातच असतो असं नाही. पुढं चार खोल्या, मागं वखार, शेंगा फोडायची मशीन, पोत्यांच्या थप्प्या. गादीवर, कपड्यांत, हवेत, सगळीकडं ती तांबूस फोलपटं. केतकी दीड वर्षाची होती तेव्हा मागच्या अंगणात पडलेला एक दाणा तिनं उचलून तोंडात घातला. डोळे मिटले सुजून. छातीतून शिट्टीसारखा आवाज. गल्लीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं म्हणून आज ती आहे.
तेव्हापासून तिला तिथं नेलं नाही. आता सहा वर्षांची. मी दोनदा एकटी जाऊन आले, सकाळी जाऊन संध्याकाळी परत बेळगावला, सासरी. आप्पा एकदा आले होते इकडं हनुमंतनगरला, ती तीन वर्षांची असताना. आता त्यांच्या कमरेला रात्रभर बसचा प्रवास सोसत नाही.
आज दिंडं केली. वरून तेल, कारण तूपही चालत नाही. दूध तिला त्याच्याही आधीपासून वर्ज्य. केतकीनं दोन खाल्ली. म्हणाली छान झालीत. हिला तुपाची दिंडं माहीतच नाहीत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
शाळेत झेंडावंदन. सगळ्यांना लाडू. केतकीनं "बेडा, मिस" असं कन्नडमधून नको म्हटलं तरी मिसनी कागदात बांधून दिला. घरी आणून माझ्या हातावर ठेवला.
"आई, वास घेऊन सांग ना, कसा आहे."
घेतला. बेसनाचा, तूप भरपूर. सांगितलं. तिनं मान डोलावली आणि खाली सरोजाक्कांना देऊन आली. सरोजाक्का घरमालकीण. त्या तिच्यासमोर खात नाहीत काही, आत नेऊन ठेवतात.
रडत नाही ही कधी. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

२६ ऑगस्ट, मंगळवार
नेहमीच्या डॉक्टरांकडे, सर्दी म्हणून. ते सहज बोलून गेले: एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये नवीन बाई आल्यात, इंग्लंडमध्ये काम करून. ॲलर्जीच बघतात. कातडीवर टेस्ट करतात, आणि लागलंच तर हॉस्पिटलमध्ये ठेवून, लक्ष ठेवून, तो पदार्थ थोडा थोडा खायला घालून बघतात. काही मुलांची मोठी होता होता जाते म्हणे.
जाते.
घरी येईपर्यंत रिक्षात तो एकच शब्द.
सुधीरला रात्री जेवताना सांगितलं. व्हाइटफील्डहून कंपनीच्या बसनं येईपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो, तरी ताठ बसला. "खायला घालून बघायचं? विष आहे की नाही हे पिऊन बघण्यासारखं झालं हे."
"हॉस्पिटलमध्ये."
"अगं, पण विषच ना."

४ सप्टेंबर, गुरुवार
फुकट गेला दिवस. सु.नं रजा टाकलेली, केतकीची शाळा बुडवली. त्या ॲलर्जीच्या डॉ. वत्सलांनी पहिलाच प्रश्न विचारला, गेल्या काही दिवसांत सर्दीचं औषध दिलंय का. दिलंय. परवापर्यंत. त्या औषधानं कातडी गप्प बसते, टेस्ट खोटी येते. दोन आठवड्यांनी या.
बाई चाळिशीच्या असतील. केस बारीक कापलेले, आवाज हळू. माझ्याशी इंग्लिश, केतकीशी कन्नड. "स्वल्प दिवस थांबायचं, सरी?" असं काहीसं म्हणाल्या तिला. केतकी म्हणाली सरी, म्हणजे बरं.
मला वाटलं होतं खोटी आशा दाखवणाऱ्या असतील. तसं नाही. सगळं विचारून घेतलं, अगदी त्या दिवशी अंगणात दाणा भाजका होता की कच्चा इथपर्यंत. कच्चा. किती वेळात सुजली. त्या लिहीत होत्या, मग पेन खाली ठेवून थांबल्या माझ्यासाठी.


१८ सप्टेंबर, गुरुवार
झाली टेस्ट.
हातावर आतल्या बाजूला निळ्या पेनानं खुणा. प्रत्येक खुणेजवळ एक थेंब. त्या थेंबातून बारीक सुई नुसती टेकवायची. मुंगी चावल्यासारखं. एक थेंब साध्या पाण्याचा, एक असा की ज्यानं सगळ्यांनाच खाज येते, आणि बाकीचे दूध, दाणा वगैरे. मग हात टेबलावर पसरून बसायचं, खाजवायचं नाही. हेच अवघड.
तिचं लक्ष दुसरीकडं न्यायला मी आजोबांच्या घराचं सांगत बसले. विहीर, पारिजातक, पुढचा कट्टा, कट्ट्यावर आप्पांची आरामखुर्ची.
"तिथं शेंगदाणे कुठं कुठं असतात?"
"सगळीकडंच."
"मग आजोबा कुठं असतात?"
"त्यांच्यातच."
"त्यांना त्रास नाही होत?"
दुधाची पुळी जवळजवळ नाहीच. दाण्याची आली, लाल, टपोरी. मी मान वळवली. पण डॉ. मोजपट्टी लावून बघत म्हणाल्या, मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे. कातडी एवढंच सांगते की शरीर ह्या वस्तूला ओळखतं. खाल्ल्यावर काय होईल हे खाल्ल्याशिवाय कळत नाही. आधी दूध बघू. दाण्याचं नंतर, आणि तेही तुम्हा दोघांना मान्य असेल तर.

२१ सप्टेंबर, रविवार
केतकी खाली खेळायला गेली तेव्हा सु.नं विषय काढला. दुधाला त्याची ना नाही. "पण दाण्याचं कशाला? दाण्यावाचून कुणाचं काही अडत नाही. आपण पाच वर्षं सांभाळलंय, पुढंही सांभाळू."
मी म्हटलं, आप्पांचं अडतं.
त्यानं खिडकी लावून घेतली. मग अगदी शांतपणे: "म्हणजे हे केतकीसाठी करायचंय की तुझ्यासाठी?"
भांडायला विचारलं नव्हतं त्यानं. मी उठले. आत जाऊन भात लावला.
केतकीसाठी, हे खरंच आहे. उद्या मोठी होईल, शाळेची सहल, मैत्रिणींची घरं, कोण कुठं काय देईल. आपण कुठवर मागं मागं फिरणार. पण डोळे मिटले की मला सहल दिसत नाही. कट्टा दिसतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार
दुधाचा दिवस.
सकाळी उपाशीपोटी नेलं. बेडवर बसवलं, हाताला सुई लावून ठेवली, गरज पडली तर आयत्या वेळी शोधाशोध नको म्हणून. ट्रेमध्ये ॲड्रेनलिन भरून तयार. तो ट्रे मला सारखा दिसत होता. मी स्वतः तेच पर्समध्ये घेऊन फिरते, काचेची कुपी आणि सिरिंज स्टीलच्या डबीत, पण तिथं पांढऱ्या कापडावर ठेवलेलं बघून मी पर्समधली डबी चाचपली.
आधी ओठाला एक थेंब. थांबा. मग जिभेवर. थांबा. मग चमचा, मग दोन चमचे. प्रत्येक वेळी नर्स नाडी बघणार, डॉ. छाती तपासणार, पोट बघणार, पाठ बघणार. काही नाही. काही नाही. काही नाही.
दुपारी पेलाभर दूध समोर. केतकीनं नाक मुरडलं. "ह्याला वास येतो. हे सगळे रोज पितात?"
डॉ. वत्सला पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या.
संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. पुळी नाही, खोकला नाही, काही नाही. डॉ. म्हणाल्या, दूध सुटलं, त्याची ॲलर्जी गेली. रोज द्या, बंद करू नका.
सु. जिन्यात भिंतीला टेकून उभा राहिला. मी दोन पायऱ्या खाली गेले होते, मागं वळून बघितलं तर चष्मा पुसत होता.

१० ऑक्टोबर
दहीभात. वाटी चाटून पुसून. पुन्हा मागितला. मी नुसती बघत बसले होते, माझं ताट तसंच.

३० ऑक्टोबर, गुरुवार
लक्ष्मीपूजन. ह्या दिवाळीत घरात तूप. करंज्या तुपात तळल्या, शेजारणींना सांगत सुटले उगाच.
आप्पांना फोन केला. दूध सुटलं हे आधीच कळवलं होतं, तरी पुन्हा ऐकून घेतलं त्यांनी. "म्हणजे आता पेढा चालतोय." चालतो म्हटलं. केतकी फोनवर त्यांच्याशी बोलली, कुठला फटाका लावला, कुठला नाही. ती फोनातल्या आजोबांवर फार खूश असते.
मग मला: "बाळ, दाण्याचं कधी?"
आजवर हे कधी विचारलं नव्हतं त्यांनी. एकदाही नाही. बघू म्हटलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
दादाचा फोन. आवाज बारीक करून बोलत होता. आप्पांनी सांगू नको म्हटलंय, म्हणाला, पण सांगतो.
आप्पांनी दिवाळीपासून मशीन बंद ठेवलीय. थप्प्या गावाबाहेरच्या शेडमध्ये हलवल्या. बायका लावून घर धुऊन घेतलं, तुळयांवर चढून गडी झाडत होते. भिंतींना चुना. गाद्या नव्यानं भरून आणल्या. आणि स्वतः संध्याकाळी धुतलेलं धोतर नेसून कट्ट्यावर बसतात.
"ऐन सुगीत. गाड्या दारात उभ्या हाईत, घेऊ कुठं मी माल? म्हटलं आप्पा, ती येणार म्हणाली काय? तर म्हणतात, यायचं झालं तर घर तयार नको?"
दादा चिडलेला नव्हता. रडवेला झाला होता.
डॉ. वत्सलांना विचारलं, घर धुतलंय, नेऊ का? त्या म्हणाल्या, दाण्याची टेस्ट होईपर्यंत माझ्या तोंडून हो येणार नाही.
बरोबर आहे. दादाला म्हटलं मशीन सुरू करा. आप्पांना मी काय सांगू?

२४ नोव्हेंबर, सोमवार
परिशे, म्हणजे शेंगांची जत्रा. कार्तिकातला शेवटचा सोमवार. बसवनगुडीत नंदीच्या देवळापासून सगळ्या रस्त्यांवर शेंगांचे ढीग. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. सगळं गाव लोटतं. आम्ही हनुमंतनगरला राहतो, म्हणजे देवळाच्या पायथ्याशीच. दर वर्षी ह्या दिवसांत खिडक्या बंद, केतकी घरात, शाळेला बुट्टी. दाराच्या फटीला ओला टॉवेल. सरोजाक्का सुद्धा परिशेला जाऊन आल्या की मागच्या नळावर हातपाय धुऊन मग वर येतात. मी कधी सांगितलं नाही त्यांना.
आज सरोजाक्का म्हणाल्या, मी बसते केतकीजवळ, तुला बाजारात काही काम असेल तर जाऊन ये.
काम नव्हतं. गेले.
देवळाकडं चढ चढायला लागले तसा वास आला. ओल्या मातीचा, टरफलांचा, भाजक्या दाण्याचा. आणि मला रस्त्यात उभं राहावं लागलं. तो आप्पांच्या सदऱ्याचा वास आहे. लहानपणी दुपारी वखारीत पोत्यांवर झोपायचे मी. उठले की गालावर तागाची नक्षी असायची, आणि आप्पा फरशीवर शेंगा ओतून, मूठ उचलून, कानाशी खुळखुळवून माल कसा आहे ते सांगत असायचे.
पाच वर्षं मीही दाणा खाल्लेला नाही. एका बाईनं नमुना म्हणून माझ्या हातावर चार शेंगा ठेवल्या. "तिन्नी, अक्का." खा म्हणाली. एक फोडली. तीन दाण्यांची. हातात धरून किती वेळ उभी होते कोण जाणे, मागून ढकलाढकली व्हायला लागली. खाल्ली नाही. पण टाकूनही देववेना, शेवटी तिच्याच ढिगावर ठेवली.
घरी मागच्या दारानं. कपडे भिजवले, केस धुतले, नखं ब्रशनं घासली. केतकी बाथरूमच्या दाराबाहेरून विचारत होती, "आई, कुठं गेली होतीस?" तिला जवळ घ्यायला जावं तर केस ओले, आणि मी पुन्हा एकदा साबण लावत होते.

२५ नोव्हेंबर
सु.नं सकाळी बसला निघताना बूट घालता घालता सांगितलं, "घे तारीख डॉक्टरांची." मी काही बोलले नव्हते त्याला. दोरीवर वाळत घातलेली साडी बघितली असेल.

११ डिसेंबर, गुरुवार
सगळं लिहून ठेवते. डोकं जड आहे, तरी.
तोच वॉर्ड, तोच ट्रे. ह्या वेळी आणखी एक डॉक्टर, ऑक्सिजन बेडशेजारी आणून ठेवलेला. सु. पायथ्याशी.
डॉ. वत्सलांनी केळं कुस्करून त्यात भाजलेल्या दाण्याची पूड मिसळलेली. पहिल्या वाटीत टाचणीच्या डोक्याएवढी असेल नसेल. मला वाटलं होतं केतकीला सांगणार नाहीत. पण तिनंच विचारलं, "इदरल्ली कडलेकाई इद्या?" ह्यात शेंगदाणा आहे का, आणि डॉ. म्हणाल्या, हो, आहे. अगदी थोडी. मी इथं आहे, औषध इथं आहे.
चमचा तोंडाजवळ नेला तर तिनं ओठ मिटले. माझ्याकडं बघितलं.
"आई, खाऊ?"
ह्या मुलीला बोलता यायला लागल्यापासून मी एकच शिकवलंय. नाही. कुणी दिलं तरी नाही, बेळगावच्या आजीनं दिलं तरी नाही, मिसनी दिलं तरी नाही. त्याच तोंडानं मला म्हणायचं होतं, खा.
म्हटलं. सु.नं पुन्हा म्हटलं, "खा, केतू."
खाल्लं तिनं.
थांबलो. काही नाही. पुढची वाटी, थोडी जास्त. काही नाही. आणखी जास्त. काही नाही. डॉ. मधे म्हणाल्या, छान चाललंय. मी मनात संकेश्वरला पोचले होते. खोटं कशाला लिहू, कट्ट्याच्या पायऱ्या चढत होते.
चौथ्या वाटीत पूड दिसायला लागली, केळ्यात तांबूस ठिपके. चवही लागली असणार. तिनं घास तोंडात घेतला आणि गिळेचना. गाल फुगवून बसली. डोळ्यांतून पाणी. डॉ. म्हणाल्या, नको असेल तर थुंक. तिनं गिळला. मग मुसमुसून रडायला लागली, खोकली, मान खाजवली. पोटात दुखतंय म्हणाली. तोंडाभोवती लाल. मानेवर पित्ताची एक गांध उठली, मग आणखी एक.
"थांबवूया," डॉ. म्हणाल्या. झटकन, पण आवाज तसाच. छाती तपासली, पुन्हा तपासली. श्वास साफ. ॲड्रेनलिनची सिरिंज हातात घेऊन उभ्या राहिल्या, दिलं नाही. दुसरं औषध दिलं. मी तिचा पाय धरून बसले होते. घोटा. दुसरं काही धरायला जागाच नव्हती, सगळीकडं त्यांचे हात.
दुपारी मानेवरच्या गांधी बसल्या. केतकी झोपली. संध्याकाळी उठून दहीभात मागितला.
डॉ. कॉरिडॉरमध्ये आमच्याशी बोलल्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, दिसत होतं. दोन गांधी मी पाहिल्या, म्हणाल्या. पण रडणाऱ्या मुलाचं तोंड लाल होतंच, आणि मान तिनं खाजवली होती. भीतीनं पोटातही दुखतं. ॲलर्जी होती की भीती, मी शपथेवर सांगू शकत नाही. खात्री नसताना पुढं जाणं बरोबर नाही.
रिक्षात केतकी माझ्या मांडीवर. म्हणाली, "मी पूर्ण नाही खाल्लं. आजोबा रागावतील?"
हिला कुणी सांगितलं आजोबांचं? मी तर नाही. का मीच सांगत आलेय, रोज, न बोलता.

१३ डिसेंबर, शनिवार
आप्पांना फोन. पास नाही, नापास नाही, असं म्हटलं.
"म्हणजे परत बसायचं परीक्षेला."
"होय. पण इतक्यात नाही."
"पोर बरी हाय न्हवं?"
"बरी आहे."
"मग झालं तर. ते महत्त्वाचं." थोडं थांबून, "तिला जोर करू नका. माझ्यासाठी म्हणून तर मुळीच नको."
फोन ठेवल्यावर सु.ला हे वाक्य सांगितलं. तो म्हणाला, मला लाज वाटते त्या दिवशी तुला तसं विचारल्याची. मी म्हटलं, तू विचारलंस ते बरोबरच होतं.

१८ डिसेंबर, गुरुवार
डॉ. वत्सलांकडे. पुन्हा करायचं तर वर्षभरानं. तेव्हा असं करू म्हणाल्या की कुठल्या दिवशीच्या वाटीत दाणा आहे आणि कुठल्या दिवशीच्या नाही हे तिलाही माहीत नसेल, तुम्हालाही नाही, मलाही नाही. तोवर दाणा तोंडात जाऊ द्यायचा नाही. डबी कायम जवळ.
मी उठले होते. त्यांनी बसा म्हटलं.
"एक गोष्ट मात्र कळली. पहिल्या तीन वाट्या तिनं पोटात घेतल्या आणि तिला काही झालं नाही. त्यामुळं वासाची, शेजारी बसलेल्या माणसाच्या कपड्यांची, तुम्ही बाळगता तेवढी भीती मी बाळगणार नाही."
मग मी विचारलंच. घर धुतलेलं असेल, मशीन बंद असेल, माल बाहेर असेल तर?
चिठ्ठीचा कागद पुढं ओढून म्हणाल्या, "तुम्ही एखादा दिवस जाऊन येणार असाल तर मी नको म्हणणार नाही. हमी पण देणार नाही. तिथल्या डॉक्टरांना माझी चिठ्ठी दाखवा. तिचं जेवण तुमच्याच हातचं. मागच्या अंगणात पाऊल नाही. आणि काही वाटलं तर विचार करत बसू नका, इंजेक्शन द्या."
सु. सगळं ऐकत होता. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाला, "सव्वीस जानेवारी सोमवारी आहे. जोडून सुट्टी."

१४ जानेवारी १९९८, बुधवार
संक्रांत. इथं मुली नवे कपडे घालून घरोघर एळ्ळु-बेल्ला वाटतात. तीळ, गूळ, खोबरं, डाळं, आणि दाणे. केतकी दर वर्षी खिडकीतून बघायची. ह्या वर्षी सरोजाक्कांनी दाण्याविना केलं, वेगळ्या ताटात, नवा चाकू घेऊन खोबरं कापलं. आणि गल्लीत आधीच जाऊन सांगून आल्या की ही पोरगी देईल ते घ्या, तिला परत काही देऊ नका.
केतकी जरीचं परकर-पोलकं घालून घरोघर. परत आली तेव्हा ताट रिकामं, आणि चेहरा असा की...
सरोजाक्का जिन्यात डोळ्यांना पदर लावून उभ्या. मी काय, मीही.

२५ जानेवारी, रविवार. संकेश्वर
काल बेळगावला मुक्काम. आज सकाळच्या बसनं इथं. स्टँडजवळच्या लॉजवर, वरच्या मजल्याची खोली. दादानं कालच येऊन फरशी धुऊन घेतलेली, चादरी घरून नव्या आणलेल्या. माहेरच्या गावात लॉजवर उतरलेली मीच पहिली असेन. मॅनेजर ओळखीचा निघाला, "वखारवाल्यांची लेक न्हवं?" म्हणाला, आणि मग पुढं काय विचारावं त्याला सुचेना.
गल्लीतल्या डॉक्टरांना भेटून आलो, चिठ्ठी दाखवली. म्हातारे झालेत. केतकीच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ बसले होते.
चारला आप्पा आले. दादानं जीपमधून आणलं. नवा सदरा, घडीच्या रेषा तशाच. दादा म्हणाला मशीन पुन्हा बंद आहे, आप्पांनी आठ दिवस शेंगेला हात लावला नाही, वखारीच्या बाजूनं सुद्धा जात नाहीत. काठी टेकत लॉजच्या व्हरांड्यापर्यंत आले आणि तिथंच थांबले. इतकं बारीक माणूस मी बघितलेलं नाही. आप्पा असे कधी झाले?
केतकी माझ्या मागं.
"ही न्हवं काय केतकी?" आप्पा म्हणाले, आणि आवाज ऐकताच ती पुढं आली. चेहरा अनोळखी, आवाज ओळखीचा. टक लावून त्यांच्या तोंडाकडं बघत होती, आवाज कुठून येतोय ते पाहावं तशी.
"आजोबा, तुम्ही फोनवर उंच वाटता," म्हणाली.
आप्पा हसले. हात पुढं केला नाही त्यांनी. दोन्ही हात काठीवर घट्ट. माझ्याकडं बघितलं, विचारल्यासारखं. माझ्या वडिलांनी मला परवानगी मागावी, माझ्याच पोरीला हात लावायची. मी मान डोलावली. मग केतकीनंच त्यांची दोन बोटं धरली आणि व्हरांड्यातल्या बाकावर नेऊन बसवलं. तासभर बसले होते दोघं. काय बोलत होते ते ऐकायला मी गेले नाही. सु. डबी खिशात घेऊन खांबाजवळ उभा होता, सारखा तिच्या मानेकडं बघत. काही नव्हतं.
निघताना आप्पा घराचं एक अक्षर बोलले नाहीत. ना घर धुतलंय, ना उद्या या. जीपमध्ये चढताना नुसतं म्हणाले, "कट्ट्यावर दुपारपर्यंत ऊन असतं आता. बसायला बरं."
खोलीच्या खिडकीतून बाजारापलीकडं आमच्या घराचे पत्रे दिसतात. केतकी स्टुलावर चढून कधीची बघतेय. कुठलं ते दाखवलं. पारिजातक इथून दिसत नाही म्हणून हिरमुसली. उद्या घरी जायचं की इथूनच परतीची बस धरायची, ते सु. आणि मी सकाळी तिला बघून ठरवणार होतो. अजूनही तसंच ठरलंय.
मघाशी तिनं विचारलं, "आई, पुढच्या दारानं जायचं की मागच्या?"
"पुढच्या," मी म्हटलं.
सु.नं बॅग लावता लावता वर बघितलं. मीही त्याच्याकडं बघितलं. त्यानं डबी उद्याच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.